‘ओळख’ आणि ‘ओळख पाहू!’

प्रश्न असा आहे: ओळखणे म्हणजे आधी पाहिलेलं पुन्हा पाहिल्यावर कळणं. मग बंद मूठ पुढे करून मूल ‘ओळख पाहू, काय आहे?’ म्हणतं, तिथे आधी पाहिलेलं काहीच नसतं. हे क्रियापद वेगळं आहे का? आणि मानसशास्त्राची पुस्तकं ओळखण्याला ‘प्रत्यभिज्ञा’ का म्हणतात?

क्रियापद एकच आहे. मूळ संस्कृत ‘उपलक्ष्’. ‘उप’चा ओ झाला, ‘फल’चं फळ होतं तसा ल चा ळ, आणि ‘रक्ष्’वरून राखणे आलं तसा क्ष चा ख. गुजरातीतही ‘ओळखवुं’ आहेच. म्हणजे या शब्दाच्या पोटात ‘पुन्हा’ नाहीच. आहे ती खूण, लक्षण. खुणेवरून ताडायचं, मग वस्तू पाहिलेली असो वा नसो. ‘पुन्हा’ आहे तो ‘प्रत्यभिज्ञे’तल्या ‘प्रति’त. तिचं शास्त्रग्रंथांतलं ठरलेलं उदाहरण ‘सोऽयं देवदत्तः’, तोच हा देवदत्त: ‘तो’ आठवणीतला, ‘हा’ समोरचा.

मला गंमत वाटते ती पुढेच. नवी ओळख होणं, जुनी ओळख पटणं आणि अंदाज बांधणं, तिन्ही आपण एकाच शब्दात कोंबली आहेत, आणि मेंदूतही ती एकमेकांत गुंतलेली दिसतात. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे पवन सिन्हा यांनी 2005 च्या सुमारास भारतात ‘प्रोजेक्ट प्रकाश’ सुरू केला. जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. पट्टी सुटली, दिसू लागलं, पण ओळखू येईना. एकावर एक चढलेले दोन आकार त्यांना तुकडे-तुकडे दिसत. वस्तू हलली, की एकत्र हलणारे तुकडे एकाच वस्तूचे, हे त्यांना कळे. हाताने चाचपलेली वस्तू नुसत्या नजरेने निवडणंही सुरुवातीला जमलं नाही. काही दिवसांतच जमू लागलं. कोणते तुकडे एकत्र धरायचे, हा अंदाज डोळ्यांना सरावाने बांधता येऊ लागतो. ‘ओळख पाहू’च म्हणा ना.

‘अक्षरओळख’ हा शब्दही इथेच चपखल बसतो. वाचायला शिकलेल्यांच्या मेंदूत डाव्या बाजूला, मागे-खाली, अक्षरांसाठी एक जागा तयार होते; निरक्षरांत ती तशी घडलेली नसते. फ्रेंच डॉक्टर देजेरीन यांनी 1892 मध्ये एका रुग्णाची हकीकत नोंदवली. मेंदूच्या आघातानंतर तो गृहस्थ लिहू शके, पण स्वतःच लिहिलेलं त्याला वाचता येईना. दिसत होतं सगळं, गेली होती ती ओळख. चेहऱ्यांचंही असंच होतं: काहींना नाक, डोळे, मिशी सगळं नीट दिसतं, पण माणूस कळतो तो आवाजावरून. (त्यांनी ओळख दाखवली नाही म्हणून लोक रुसतात. ‘ओळख दाखवणे’ हा आणखी वेगळाच प्रकार, त्याला मेंदूपेक्षा मन लागतं!)

आता ‘प्रत्यभिज्ञा’. पुस्तकात ती ‘प्रत्यावाहना’ची, म्हणजे वस्तू समोर नसताना मनातून काढून आणण्याची, जोडीदार म्हणून येते. परिभाषेत जोडी लागते, म्हणून राहू दे. पण हा फरक बोलीत आधीपासूनच आहे. ‘चेहरा ओळखीचा वाटतो, नाव आठवत नाही’ या वाक्यातली क्रियापदं उलटी टाकून बघा. कोणीही मराठी माणूस तसं बोलणार नाही.