कोळसा आणता येतो, उष्णता टाकायची कुठे?

प्रश्न : खाणीच्या तोंडाशीच वीजकेंद्र बांधलं तर कोळसा वाहून नेण्याचा खर्च वाचेल. तरी कितीतरी केंद्रं खाणींपासून शेकडो किलोमीटर लांब, समुद्रकाठी का असतात?

उत्तर : तुमचा हिशोब बरोबर आहे, पण अर्धाच. माझी उभी नोकरी वीजकेंद्रांसाठी जागा धुंडाळण्यात झाली. नकाशा पसरला की आमचे साहेब खाणीकडे बघायचेच नाहीत, निळ्या रेघेवर बोट ठेवायचे. म्हणायचे, "कोळसा आणता येतो रे, उष्णता टाकशील कुठे?"

कोळशाच्या उष्णतेपैकी फार तर चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांची वीज होते, जुन्या केंद्रांत त्याहूनही कमी. उरलेली थोडी धुराड्यातून जाते आणि बरीचशी टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वाफेत राहते. ती वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी केल्याशिवाय चक्र चालत नाही. पाणी थंड करणारा मनोरा म्हणजे कूलिंग टॉवर असेल, तर विजेच्या एका युनिटमागे साधारण दोन लिटर पाणी हवेत उडून जातं. १,००० मेगावॉटचं केंद्र दिवसभर पूर्ण क्षमतेने चाललं, तर २ कोटी ४० लाख युनिटं होतात. म्हणजे रोजचं जवळपास पाच कोटी लिटर पाणी. एवढं पाणी ऐन उन्हाळ्यातही देणारी नदी खाणीजवळ असेल तर खुशाल तिथे बांधा. समुद्रकाठी ही चिंता नसते, शिवाय कोळसा जहाजाने येतो.

खाणीचं पारडं जड होतं ते कोळसा राखेचा असला की. याच केंद्राला दिवसाला दहा ते पंधरा हजार टन कोळसा लागतो, म्हणजे रेल्वेच्या दोनशेच्या आसपास वाघिणी. त्यात पस्तीस-चाळीस टक्के राखच असेल, तर भाडं भरून आपण दगडमाती फिरवतो! त्यापेक्षा वीज तारेवरून नेलेली परवडते.

प्रश्न : अणुवीज केंद्राला इंधन अगदी थोडं लागतं. मग ते कुठेही बांधता येईल ना?

उत्तर : इंधनापुरतं खरं आहे. १,००० मेगावॉटला वर्षाकाठी पंचवीस-तीस टन युरेनियम इंधन पुरतं. पण पाणी सुटत नाही. एका युनिटमागे ते कोळशाच्या केंद्राहून जास्तच लागतं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटातलं पालो वर्डे केंद्र शहरांचं सांडपाणी शुद्ध करून त्यावर चालवतात. पण जवळ मोठी शहरं आहेत म्हणूनच ते जमलं.

आणि पाण्याजवळ जायचं तर किती जवळ, किती उंचावर? जपानमध्ये फुकुशिमा दाईची केंद्राच्या जागी समुद्रसपाटीपासून सुमारे ३५ मीटर उंच कडा होता. तो कापून जमीन १० मीटरवर आणली. पाया खडकावर बसला, पाणी उपसणंही सोपं झालं. ११ मार्च २०११ रोजी भूकंपानंतर तिथे १४-१५ मीटरची त्सुनामी आली आणि अणुभट्ट्या थंड ठेवणाऱ्या पंपांना वीज देणारे तळघरातले राखीव डिझेल जनित्रसंच पाण्यात गेले. ओनागावा केंद्र भूकंपाच्या केंद्रबिंदूला याहून जवळ होतं. ते १४.८ मीटर उंचीवर बांधलेलं. जमीन मीटरभर खचली, तरी लाट वर पोचली नाही. उलट शेकडो गावकऱ्यांनी केंद्राच्या आवारातच आसरा घेतला.

नव्या जागी गेलो की मी आधी म्हातारी माणसं गाठायचो. पाणी कुठवर आलं होतं, ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात. आमच्या नोंदवह्या तीस-चाळीस वर्षांच्या. त्यांच्या आजोबांची आठवण त्याहून जुनी.

प्रश्न : ऊन आणि वारा फुकट आहेत, कोळसा नको, पाणीही नको. आता तरी जागा निवडणं सोपं झालं ना?

उत्तर : कटकट बदलली, एवढंच. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. सेकंदाला सहाऐवजी सात मीटर वारा असेल, तर ऊर्जा जवळपास ५९ टक्के जास्त. त्यामुळे एका टेकडीवर भरभराट आणि शेजारच्या टेकडीवर दिवाळं, असं होऊ शकतं. म्हणून निदान वर्षभर मनोरा उभारून वारा मोजतात. ते वर्ष वाचवू पाहणारे मालक मला बरेच भेटले.

सौर पॅनेलना एका मेगावॉटला चार-पाच एकर जमीन लागते. तिथे मी उन्हाची चौकशी दुसऱ्यांदा करतो. पहिली चौकशी जवळच्या उपकेंद्राची : ते किती लांब आहे आणि भर दुपारची वीज सामावून घ्यायला त्याच्या रोहित्रांत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, क्षमता उरली आहे का?