'लागेबांधे' की 'साटंलोटं'?

सानपाड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. इराकवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना त्यांनी 'नेत्याचे बंडखोरांशी साटेलोटे असल्याचा संशय' असं लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी 'साटेलोटे' खोडून 'लागेबांधे' केलं. अर्थ एकच, मग खोडलं कशासाठी?

ताई, त्यांनी बरोबर केलं. साटं म्हणजे सौदा, अदलाबदल. घर घेताना आपण जे साठेखत करतो ते मुळात साटेखत, सौद्याचा कागद. आणि साटंलोटं म्हणजे ज्या घरात मुलगी द्यायची त्याच घरातली मुलगी सून करून आणायची. मुरबाडकडे माझ्या आजीचं लग्न असंच झालं. तिची नणंद तिच्याच भावाला दिलेली. नणंद रुसून माहेरी आली, की दुसऱ्या दिवशी आजीच्या हातात बोचकं देऊन तिलाही तिच्या माहेरी धाडत. आजीचा काही दोष नसे. दिलंय म्हणून घेतलंय, आणि परत आलं तर परत करायचं, हा त्या शब्दाचा गाभा आहे. म्हणजे 'साटंलोटं' लिहिलं की दोघांनी काही दिलं आणि काही घेतलं, असं तुम्ही सांगून मोकळ्या होता.

'लागेबांधे' तेवढं बोलत नाही. 'त्याचा माझा काही लागाबांधा नाही' असं जुनी माणसं सहज म्हणतात. नातं, गाव, जमात, जुनी मैत्री, सगळं त्यात बसतं. वर्तमानपत्रांनी या शब्दाला काळी छटा दिली हे खरं, पण कोणी कोणाला काय दिलं, हे तो अजूनही सांगत नाही. व्याकरणही पाहा: लागेबांधे कोणा'शी' असतात, साटंलोटं मुळात दोघां'चं' किंवा दोघां'त', जरी आता 'शी' लावूनही लिहितात.

'संशय' शब्द आहेच की, असं तुम्ही म्हणाल. पण मराठीत तो येतो वाक्याच्या शेपटाला. तोवर वाचकाच्या मनात सौदा ठरलेला असतो. तुमच्याच इराकचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेचं सैन्य बाहेर पडलं आणि लगेच उपराष्ट्राध्यक्ष तारिक अल-हाशिमी यांच्यावर अटक वॉरंट निघालं. मारेकरी टोळ्या चालवल्याचा आरोप होता आणि त्यांच्या अंगरक्षकांचे कबुलीजबाब सरकारी वाहिनीवर दाखवले गेले. हाशिमी सुन्नी, पंतप्रधान नूरी अल-मालिकी शिया. हाशिमींनी आरोप नाकारले, हे राजकारण आहे असं सांगितलं. सप्टेंबर २०१२ मध्ये न्यायालयानं त्यांच्या गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली. एकाच माणसाबद्दल आधी संशय, मग आरोप, मग निकाल, आणि निकालानंतरही इन्कार. यातल्या पहिल्या पायरीवर 'साटंलोटं' लिहिणं मला अन्यायाचं वाटतं, कारण अशा मुलखात नुसत्या संशयावर माणसं मारली जातात.

'फितुरी' तर त्याहून जड. आपल्या कोर्टात साक्षीदार फितूर होतो, म्हणजे आपली बाजू सोडून उलटतो. नेता आपला होता आणि शत्रूला मिळाला, हे ठरल्याशिवाय तो शब्द नकोच.

आता त्या बाईंच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट. 'बंडखोर' म्हटलं की ठाण्यात, तेही जून २०२२ नंतर, वाचकाला पक्षातली फूट आठवते किंवा तिकीट न मिळालेला उमेदवार. बंदूक आठवत नाही. तिथे 'सशस्त्र बंडखोर' करा, निदान पहिल्या उल्लेखात.