आजोबांची एमजी, अँबॅसिडरचं इंजिन आणि आरसी बुक

प्रश्न : सांगलीच्या वाड्यात आजोबांची १९५१ची एमजी टीडी, दोन सीटची उघडी स्पोर्ट्स गाडी, वर्षानुवर्षं पडून होती. नोंदणी मुंबईची, आजोबांच्याच नावावर. १९७८च्या सुमारास मूळ इंजिनाचा ब्लॉक तडकला तेव्हा त्यांनी अँबॅसिडरचं इंजिन बसवलं, पण आरटीओला कळवलं नाही. जुनं इंजिन वाड्यातच गोणपाटाखाली आहे. आजोबा १९९४मध्ये गेले, आजी २००३मध्ये, वडील २०२०मध्ये. गाडी मी पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणून स्वतः दुरुस्त करतो आहे. साडेचार लाख खर्च झाले. तिला जपानी इंजिन, पाच गिअरचा बॉक्स आणि पुढे डिस्क ब्रेक बसवायचे आहेत, म्हणजे पत्नीला घेऊन गोव्यापर्यंत जाता येईल. व्हिंटेज नोंदणीही हवी आहे. काका म्हणतात, विकून तीन वाटे करा. आत्या काहीच बोलत नाहीत. आवाजाबद्दल सोसायटीची नोटीस आली आहे. काय करावं?

उत्तर : तुमच्या पत्रात एक नव्हे, दोन गाड्या आहेत. एक फॅक्टरीतून निघाली तशी, व्हिंटेज नोंदणीची. दुसरी जपानी इंजिनावर खंबाटकी चढणारी. कायदा यातली फार तर एक तुमच्या पदरात टाकेल, आणि कोणती ते पुढचा बोल्ट खोलण्याआधी ठरवावं लागेल.

व्हिंटेज नोंदणीचे नियम केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत घातले, ८१अ पासून पुढे. पहिल्या विक्रीनंतर झालेल्या पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. वयाची अडचण तुम्हाला नाहीच. अडचण पुढच्या अटीत आहे : गाडी मूळ रूपात राखलेली हवी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल होईल अशी मोठी उलथापालथ तिच्यात झालेली नसावी. जपानी इंजिन बसवलंत की तुमचा अर्ज तिथेच संपला.

आज आहे तशी गाडी नेलीत तरीही संपला, कारण बॉनेटखाली अँबॅसिडर आहे. खरं तर ते इंजिन अगदीच परकं नाही. अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचं, आणि टीडीनंतर काही वर्षांनी, १९५५च्या एमजीए गाडीत, एमजीने स्वतःच त्याच घराण्याचं इंजिन वापरलं. हौशी मंडळी या नात्यावर अर्धा तास बोलतील. मोटार वाहन निरीक्षक मात्र नंबर बघतो.

आणि त्या नंबरातच तुमचं नशीब आहे. आजोबांनी बदल कळवला नाही ही त्यांची चूक, पण त्यामुळेच आरसीवर आजही मूळ १२५० सीसीच्या एक्सपॅग इंजिनाचा नंबर उभा आहे. तेच इंजिन परत जागेवर आलं की कागद आणि गाडी जुळतात. न जुळण्याचा परिणाम किरकोळ समजू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५(५) नुसार गाडीवरचा इंजिन किंवा चासी नंबर आरसीपेक्षा वेगळा निघाला, तर मालकाचं म्हणणं ऐकून घेऊन नोंदणी रद्द करता येते. आरसी रद्द झालेली पंचाहत्तरीची गाडी म्हणजे नुसतं सामान. म्हणून अँबॅसिडरच्या इंजिनासह ती तपासणीला नेऊ नका, आणि ‘आधी नोंदणी करून घेऊ, इंजिन नंतर बघू’ असा सल्ला कोणी एजंट देत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आजोबांच्या चुकीची शिक्षा तुम्हाला होईल का, ही भीती पत्रात ओळींमागे दिसते. नाही होणार. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम १८२अ(४) मध्ये आहे. ती १ सप्टेंबर २०१९ पासूनची. १९७८मधल्या कृत्याला २०१९ची शिक्षा लावता येत नाही, संविधानाचा अनुच्छेद २०(१) त्याच्या आड येतो. शिवाय बदल करणारे तुम्ही नव्हता. पण उद्या जपानी इंजिन तुम्ही बसवलंत, तर ते कलम थेट तुमच्यावर येईल.

जपानी इंजिन परवानगी घेऊन बसवता येईल का? माझं उत्तर : त्या वाटेला जाऊ नका. कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र या खटल्यात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं, आणि राज्यांच्या नियमांच्या आधाराने त्याला वळसा घालता येणार नाही असं सांगितलं. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर चालवण्यासाठी मान्य किट बसवण्याची सवलत कायद्यात आहे. वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या क्षमतेचं पेट्रोल इंजिन त्या सवलतीत येत नाही.

तेव्हा गोणपाटाखालचा तो ब्लॉक हीच तुमची खरी इस्टेट. बिडाचा तडकलेला ब्लॉक वेल्डिंगशिवाय, मेटल स्टिचिंगने, म्हणजे तड्यावर धातूचे टाके घालून सांधता येतो, आणि सांगलीहून कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर लांब नाही. ओतकाम आणि इंजिनकाम जाणणारी माणसं तिथे भेटतील. मूळ ब्लॉकची दुरुस्ती म्हणजे बदल नव्हे. काम सुरू होण्याआधी तडा गेलेल्या जागेचे आणि नंबराच्या पट्टीचे फोटो काढा, कारखान्याचं पक्कं बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या. व्हिंटेज नोंदणीआधी गाडी तपासणाऱ्या समितीपुढे हेच कामाला येतं.

नंबराची पट्टी निखळून हरवली असेल तर बाजारातून नवी ठोकून आणू नका. हेतू कितीही सरळ असला तरी कागदावर ती नंबराशी छेडछाड दिसते, आणि मग प्रकरण आरटीओकडून पोलीस ठाण्यात जातं. आधी नोंदणी प्राधिकरणाला लेखी कळवा आणि ते सांगतील त्याच पद्धतीने करा. चासी नंबराला तर घासकागदही लावू नका. रंग खरवडायचा असेल तर तेवढी जागा सोडून.

ब्लॉक अगदीच गेला असेल तर ब्रिटनमधून दुसरा एक्सपॅग मागवावा, असं मनात येईल. नवे सुटे भाग शुल्क भरून येतात. वापरलेलं इंजिन मात्र परदेशी व्यापार धोरणानुसार जुन्या मालात मोडतं आणि त्याची आयात निर्बंधित आहे. परदेशी व्यापार महासंचालनालयाचं (डीजीएफटी) अधिकारपत्र लागतं. ते न घेता मागवलेलं खोकं कस्टममध्ये अडकतं. अशा इंजिनाचा नंबरही आरसीशी जुळणार नाही, म्हणून बसवण्याआधी आरटीओची मंजुरी लागेल.

बॉडीबद्दल. टीडीचा पत्रा अॅश लाकडाच्या सांगाड्यावर चढवलेला असतो आणि आपल्या पावसाळ्यांत तो सांगाडा कुजलेला असणार. सुतार त्या जागी सागवान घालतील. माझ्या मते जुन्या तुकड्यावरून तंतोतंत नवा तुकडा काढणं ही दुरुस्ती आहे, बॉडीचा बदल नाही. पण अंतिम मत समितीचं, त्यामुळे जुना तुकडा आणि नवा तुकडा शेजारी ठेवून फोटो काढा, आणि जुने तुकडे तपासणी होईपर्यंत जाळू नका.

गिअरबॉक्स आणि डिस्क ब्रेक यांचा उल्लेख आरसीवर नसतो, म्हणून कलम ५२चा धाक तिथे कमी. तरी व्हिंटेजची अट ‘मूळ रूप’ अशी आहे, आणि टीडीला चारही चाकांना ड्रम ब्रेकच होते. दोन्ही मोह सोडावेत असं मी म्हणेन. चासीला भोक पाडून किंवा कापून काही बसवायचं असेल तर मोह नव्हे, तो विषयच सोडा. इंडिकेटर, चांगले ब्रेकलाइट, सीटबेल्ट यांना समंजस निरीक्षक हरकत घेणार नाही. जे काही लावाल ते विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेल्या बदलाचं निमित्त करून तुमच्या गाडीचा दावा नाकारला जातो. त्रयस्थाला दिलेली भरपाई कंपनी तुमच्याकडून वसूल करू पाहते.

आता गोवा. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, देखभाल आणि प्रदर्शन-रॅलीला जाणं-येणं, एवढंच. पत्नीसोबतची सहल यात कुठेच बसत नाही. गोव्यात रॅली असेल तर गाडी घेऊन जा. बाकी सहलीला दुसरी गाडी आहेच की.

फिरायचंच असेल तर व्हिंटेजच्या वाटेला न जाता नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण करता येतं, कलम ४१ खाली, निरीक्षकाची तपासणी करून, पाच-पाच वर्षांसाठी. नियमांतली व्हिंटेज नोंदणी सक्तीची नाही असं माझं वाचन आहे. पण खर्च बघा. २० वर्षांहून जुन्या, आयात केलेल्या चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५पासून ८०,००० रुपये झालं आहे. मुदत संपून गेलेल्या काळाचा विलंब आकार आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा. आधीच नोंदलेल्या गाडीच्या व्हिंटेज फेरनोंदणीचं शुल्क ५,००० रुपये, तेही १० वर्षांसाठी, आणि एमएचच्या आधीचा जुना नंबर तसाच ठेवता येतो. नव्याने नोंदणाऱ्याला २०,००० रुपये भरून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर घ्यावा लागतो. तुम्हाला आजोबांचा नंबर ठेवता येईल. मला विचाराल तर तुमच्यासाठी व्हिंटेजच बरं, कारण एवढ्या मेहनतीने मूळ रूपात आणलेली गाडी तुम्ही हायवेच्या ट्रकांमध्ये फार वेळा घालणार नाही.

पण यातलं काहीही तुम्ही आज करू शकत नाही, कारण गाडी कायद्याने तुमची नाही. पूर्णपणे नाही. आजोबांची स्वकष्टार्जित गाडी हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ नुसार आजी, वडील, काका आणि आत्या यांच्याकडे समान गेली. आजींचा चौथा हिस्सा त्यांच्या पश्चात तिन्ही शाखांत विभागला गेला. म्हणजे एक तृतीयांश काकांचा, एक तृतीयांश आत्यांचा आणि उरलेला तुमच्या वडिलांच्या वारसांचा. आई आणि भावंडं असतील तर त्यांचाही त्यात वाटा आहे, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ‘तीस वर्षं आमच्याच अंगणात होती’ हा युक्तिवाद चालत नाही. सहमालकाचा ताबा इतर मालकांच्या वतीनेही मानला जातो. काकांचं म्हणणं कायद्याला धरून आहे, एवढंच की ते फक्त आपला हिस्सा विकू शकतात, गाडी नव्हे. तुमचे साडेचार लाखही आपोआप परत मिळत नाहीत. दुसऱ्यांच्या परवानगीशिवाय केलेल्या सुधारणांचा खर्च कोर्ट वाटणीच्या वेळी विचारात घेऊ शकतं; हक्काने मागायला तुमच्याकडे करार नाही.

म्हणून आज रात्री आत्यांना फोन करा, आणि काकांशी बोलण्याआधी करा. गप्प बसलेला वारस म्हणजे संमती दिलेला वारस नाही. सगळ्यांकडून तुमच्या नावे हक्कसोडपत्र घेता आलं तर उत्तम. काका पैशांवर अडून बसले, तर गाडी सध्या आहे त्या अवस्थेचं मूल्यांकन करून त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याची रक्कम चेकने द्या आणि पावतीत ‘गाडीवरील हक्काच्या मोबदल्यात’ असं लिहून घ्या. हे इंजिन सुरू होण्याआधी करा. चालत्या टीडीची किंमत काका नक्की विचारून येतील. तेही जमलं नाही तर निदान एवढा लेखी करार करा की पुढे विक्री झालीच, तर बिलांनुसार तुमचा खर्च आधी वजा होईल आणि उरलेल्याचे तीन वाटे पडतील.

आरटीओत मालकाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरणाचा अर्ज नमुना ३१ मध्ये असतो. मुदत मृत्यूपासून तीन महिन्यांची होती. ती आजोबांच्या बाबतीत १९९४मध्येच संपली. दंड भरून अर्ज होतो. सोबत मृत्यूचे दाखले, वारसांची प्रतिज्ञापत्रं आणि ना-हरकती लागतील. त्याआधी मुंबईच्या नोंदणी कार्यालयातून आरसी पर्टिक्युलर्स, म्हणजे नोंदणीचा अधिकृत उतारा, काढा. इतकी जुनी नोंद संगणकावर नसणारच. बॅकलॉग एन्ट्री करून, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागेल, आणि त्यासाठी मूळ आरसी बुक हवं. ते हरवलेलं असेल तर पोलिसांत तक्रार, मग नमुना २६ने दुय्यम प्रत. जुन्या कराच्या पावत्या सापडल्या तर त्या घेऊन जा, थकबाकीचा वाद तिथेच मिटतो. फाईल सापडत नाही असं तोंडी सांगितलं गेलं, तर माहिती अधिकारात लेखी विचारा.

सोसायटीची नोटीस बरोबर आहे. पार्किंग गाडी उभी करायला मिळतं, ग्राइंडर आणि स्प्रेगनसाठी नाही. निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, ती ग्राइंडर पहिल्याच मिनिटाला ओलांडतो. नोटिशीला भांडणाचं उत्तर न देता गाडी ट्रेलरवरून वाड्यात परत न्या. ओढूनसुद्धा चाकांवर नेऊ नका. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणण्याचा दंड वेगळा आहे. वाड्यात पेट्रोल साठवाल तर विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय चालतं, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात आणि एक डबा २५ लिटरहून मोठा नको. काचेची बाटली असेल तर एक लिटरपर्यंतच. पेट्रोलियम कायद्याचं कलम ८. प्लास्टिकच्या कॅनचा उल्लेख त्यात नाही, आणि तुमच्याकडे नेमके तेच असतील.