'सूचक प्रश्न' म्हणजे नेमकं काय सुचवणारा?

प्रश्न असा आला आहे: कोर्टाच्या बातमीत 'वकिलांच्या सूचक प्रश्नावर हरकत घेतली' असं वाचलं. सूचक हसू, सूचक मौन यांत आडून काही सुचवलेलं असतं. मग आडून विचारलं तर हरकत कशाला? इंग्रजीत याला 'लीडिंग क्वेश्चन' म्हणतात, मग त्यापेक्षा 'मार्गदर्शक प्रश्न' म्हणावं का?

'मार्गदर्शक' नको. त्या शब्दात भलं करण्याचा भाव आहे, तो इथे लागू नाही. 'सूचक'च योग्य, मात्र इथे सुचवलं जातं ते उत्तर, आणि तेही उत्तर देणाऱ्यालाच. विचारणाऱ्याला हवं असलेलं किंवा अपेक्षित असलेलं उत्तर प्रश्नातच ठेवलेलं असतं. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १४१ मध्ये हीच व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ती कलम १४६ मध्ये आहे. साक्षीदाराला त्याच्याच बाजूचा वकील आधी विचारतो ती सरतपासणी, मग विरुद्ध बाजूचा विचारतो ती उलटतपासणी, आणि त्यानंतर पुन्हा आपला वकील विचारतो ती फेरतपासणी. सरतपासणीत आणि फेरतपासणीत अशा प्रश्नाला हरकत घेता येते, उलटतपासणीत तो चालतो.

हो-नाही असं उत्तर येणारा प्रत्येक प्रश्न सूचक, असं बरेच जण धरून चालतात. ते खरं नाही. 'गाडीचे दिवे चालू होते का?' यात उत्तर दडलेलं नाही. 'दिवे बंदच होते ना?' यात आहे. आपल्याकडे हे काम 'ना' आणि 'च' करतात. 'तो'सुद्धा करतो: 'तो फुटलेला दिवा पाहिलात का?' असं विचारलं की दिवा फुटला होता हे आधीच ठरून गेलं.

क्रियापदाची ताकद तर त्याहून मोठी. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांना अपघातांच्या फिल्म दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात जोरात आदळण्याचं क्रियापद होतं तिथे सरासरी उत्तर ताशी ४० मैलांच्या वर आलं. नुसता स्पर्श झाल्याचं होतं तिथे ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच नव्हतीच. तरी 'आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं, सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. मराठीत घासली, लागली, धडकली, आदळली यांतलं कुठलं क्रियापद निवडतो, त्यावरही ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढचं चित्र बदलतं.

कायद्याची भीती अशी की साक्षीदार आपल्याच बाजूच्या वकिलाच्या ओंजळीने पाणी पिईल. मानसशास्त्राने दाखवलं ते जास्त गंभीर आहे: प्रामाणिक माणसाची आठवणही प्रश्नाने बदलू शकते. त्यामुळे मला कोर्टातल्या प्रश्नाहून पहिल्या जबाबाच्या वेळचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कोर्टात हरकत घ्यायला वकील उभा असतो. चौकीत 'लाल शर्टवाला पळताना दिसला ना?' असं कोणी विचारलं तर तिथे हरकत घेणारं कोणी नसतं. कागदावर प्रश्न बहुधा उतरतच नाही, उतरतं ते एवढंच: 'लाल शर्ट घातलेला इसम पळत जाताना मी पाहिला.'