पहिलीदुसरीच्या मुलांना बायबल शिकवताना

अगं पहिलं वर्ष आहे ना तुझं, मग सगळं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूच्या जीवनाचं पुस्तक, संपवायच्या मागे लागू नकोस. लूकच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय घे, त्यात तीन दाखले, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथा, लागोपाठ आहेत, 100 मेंढरांतलं एक हरवतं, मग 10 नाण्यांतलं एक, आणि शेवटी दोन मुलांपैकी एक, मुलांना हा हिशोब पटकन कळतो आणि शंभरातल्या एकासाठी कोण कशाला जाईल हा प्रश्न तीच विचारतात. तेव्हा लगेच उत्तर देऊ नकोस, थांब, त्यांना बोलू दे. मी सुरुवातीला गोष्ट संपली की लगेच तात्पर्य सांगायचे, वर्ग एकदम गप्प व्हायचा.

पाठांतर थोडंच ठेव, येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना पुरे, पण एकेका ओळीचा अर्थ मुलांच्या शब्दात काढून घे.

वर्गात इतर धर्मांची किंवा कुठलाच धर्म न मानणारी मुलंही असतील, म्हणून ‘आपण मानतो’ऐवजी ‘ख्रिस्ती लोक मानतात’ असं म्हण, याने श्रद्धा कमी होत नाही आणि कुठलंच मूल बाहेर पडल्यासारखं होत नाही. आणि प्रार्थनेला कुणालाही जबरदस्ती नको, शांत बसलं तरी चालेल. आजी वारली ती कुठे गेली असं कुणी विचारलं तर धडा बाजूला ठेव, आधी त्या मुलाजवळ बस.