पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरली, रोज चालतो, तरी एचबीए१सी जागचा हलत नाही. काय चुकतंय?

तुमचं वय ५१, टाइप २ मधुमेह दीड वर्षापासून, मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा. चहातली साखर बंद केलीत, तीन पोळ्यांऐवजी दोन्ही जेवणांत दोन-दोन भाकऱ्या सुरू केल्या, सकाळी उपाशीपोटी पाऊण तास चालता. तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी, ८.१ वरून ७.९ टक्के. त्यातही एवढा फरक लॅबच्या मोजमापातल्या चुकीतही येऊ शकतो, त्यामुळे आकडा हलला असं मी म्हणणार नाही.

चूक बहुतेक परातीत आहे. एका पोळीला २५ ते ३० ग्रॅम कणीक लागते. थापलेल्या भाकरीच्या उंड्यात ६५ ते ८० ग्रॅम पीठ सहज जातं, त्याहून कमी घेतलं तर भाकरी नीट थापता येत नाही. म्हणजे आधी तुमच्या पोटात एका जेवणाला ७५ ते ९० ग्रॅम कणीक जात होती, आता दीडशे ग्रॅमच्या आसपास ज्वारी जाते. १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदकं असतात आणि ज्वारीतही जवळपास तेवढीच. ज्वारी चांगलीच आहे. ग्लुटेन नको असेल, पोट साफ राहायला हवं असेल, आवडत असेल तर जरूर खा. पण धान्याचं नाव बदलून साखर उतरत नाही, पिठाचं वजन कमी केल्यावर उतरते. चहातल्या साखरेचा आणि चालण्याचा फायदा झाला असणार, तो दुसऱ्या भाकरीने खाऊन टाकला.

तेव्हा पहिली खरेदी स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्याची करा. कोरडं पीठ मोजायचं, भाजलेली भाकरी नाही, कारण तिच्यात पाणी किती उरलंय ते रोज वेगळं असतं. एका जेवणाला ४५ ते ५० ग्रॅम कर्बोदकं धरून सुरुवात करा. म्हणजे ६५-७० ग्रॅम पिठाची एक भाकरी, किंवा प्रत्येकी ३० ग्रॅम कणकेचे दोन फुलके, किंवा शिजलेला भात साधारण १५० ग्रॅम. यातलं एकच. ‘भाकरी एकच खाल्ली, वर थोडा वरणभात’ यातला थोडा भातच बऱ्याच घरांत दुसऱ्या भाकरीएवढा असतो. आठवडाभर मोजलंत की हाताला अंदाज येतो, मग काटा फडताळात ठेवला तरी चालेल.

एक भाकरी काढली की ताट रिकामं वाटतं आणि चार वाजता फरसाणाचा डबा उघडतो. पथ्य मोडतं ते इथे. म्हणून भाकरी काढण्याआधी बाकीचं वाढवा. भाजी दीड ते दोन वाट्या, बटाटा-रताळं सोडून काहीही: दोडका, दुधी, कोबी, गवार, मेथी, अंबाडी. प्रथिनं एका जेवणाला २० ग्रॅमच्या आसपास यायला हवीत, आणि शाकाहारी मराठी ताटाची खरी अडचण हीच आहे. पातळ आमटीच्या वाटीत डाळ जेमतेम १०-१५ ग्रॅम, म्हणजे प्रथिनं तीन ग्रॅम. ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण घेतलं तर सहा-सात ग्रॅम, पण त्यात १८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकंही येतात, ती हिशोबात धरायची. एक वाटी दही पाच ग्रॅम, ५० ग्रॅम पनीर नऊ, दोन अंडी बारा-तेरा, २५ ग्रॅम कोरडे सोयाबीनचे तुकडे तेरा, १०० ग्रॅम मासळी वीसच्या जवळ. मटकी-मुगाची उसळ आणि दही, वर पनीर किंवा सोया, अशी जोडी लावली तर आकडा गाठता येतो. दाण्याचं कूट चवीपुरतंच घाला. ते साखर वाढवत नाही, पण २५ ग्रॅममध्ये १४० कॅलरी आहेत.

खाण्याचा क्रमही बदलून बघा. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ-दही, भाकरी शेवटी. तेच जेवण, तेवढंच, तरी जेवणानंतरची साखर कमी चढते, कारण आधी गेलेल्या चोथ्यामुळे आणि प्रथिनांमुळे पोट हळू रिकामं होतं. भाजीशिवाय भाकरी कशी खायची म्हणाल, तर अर्धी भाजी आधी संपवा आणि अर्धी भाकरीसोबत घ्या.

न्याहारीकडेही बघा, कारण बहुतेकांची साखर सकाळीच सर्वांत जास्त चढते. ६० ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे ४५ ग्रॅमहून जास्त कर्बोदकं, आणि प्रथिनं जवळजवळ नाहीतच. पोहे सोडवत नसतील तर ३० ग्रॅम पोहे, एक वाटी वाफवलेली मोडाची मटकी किंवा मटार, वर थोडे दाणे. नाहीतर ४० ग्रॅम मुगाची धिरडी आणि दही. उपवासाची साबुदाणा खिचडी मात्र सणापुरतीच ठेवा: साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी आणि दही कितीतरी बरं. आणि गूळ ‘नैसर्गिक’ म्हणून चालतो हा समज सोडा. गुळातही बहुतांश साखरच असते, मधही त्यातलाच. ‘शुगर फ्री’ लिहिलेली बिस्किटं बहुधा मैद्याचीच असतात. हापूस वर्ज्य नाही, जेवणात भाकरी कमी करून अर्धा आंबा फोडी करून खा. आमरस-पुरी वेगळं प्रकरण आहे.

आता हे सगळं तुमच्या शरीरात खरंच लागू पडतंय का, ते कळायचं कसं? सकाळची एकच उपाशीपोटी साखर बघून काही कळत नाही. जोडीने मोजा: जेवणाच्या अगदी आधी एकदा, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. शेवटच्या घासापासून नाही, ही चूक सर्रास होते. आठवड्यात तीन-चार जोड्या पुरतात, एकदा न्याहारीची, एकदा दुपारची, एकदा रात्रीची. दोन तासांनी १८० च्या खाली हे सर्वसाधारण लक्ष्य, उपाशीपोटी ८० ते १३०. फरक ४०-५० च्या आत असेल तर ते जेवण तुम्हाला मानवतं असं समजा. १०० ने उडी मारली तर पुढच्या वेळी त्याच जेवणातली एकच गोष्ट बदलून परत मोजा. ग्लुकोमीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, त्यामुळे १६२ आणि १७० यावरून घरात वाद नको. हात साबणाने धुऊन कोरडे करा, आंबा-केळं सोललेल्या बोटाने मोजलं तर साखर फळाची दिसते. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, कोकणातल्या पावसाळी हवेत उघड्या पट्ट्या लवकर बिघडतात.

सकाळची साखर जास्त दिसते म्हणून रात्रीचं जेवणच बंद करणारे खूप आहेत. त्याने हवा तसा परिणाम होत नाही, कारण पहाटे यकृत स्वतः ग्लुकोज सोडतं, कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं त्याला तसं करायला लावतात. मेटफॉर्मिनचं मुख्य काम याच यकृतावर आहे. जेवण बंद करण्यापेक्षा ते साडेनऊवरून आठच्या आत आणणं आणि त्यानंतर लगेच आडवं न होणं जास्त कामाचं.

व्यायामाचं म्हणाल तर पाऊण तास चालणं उत्तम, फक्त वेळ बदला. तोच वेळ १५-१५ मिनिटांचे तीन तुकडे करून प्रत्येक जेवणानंतर वापरा, जेवण संपल्यावर १० ते २० मिनिटांत निघा. रक्तात साखर चढत असते नेमकी तेव्हाच मांड्यांचे स्नायू काम करू लागतात, आणि आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनची वाट न बघता ग्लुकोज आत घेतो. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, मिनिटाला शंभरेक पावलं. पाऊस असेल तर सोसायटीचा जिना किंवा घरातल्या घरात फेऱ्या. शतपावली शंभर पावलांवर थांबवू नका, एवढंच.

पण नुसतं चालणं अपुरं आहे. जेवणानंतरच्या ग्लुकोजचं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू, आणि पन्नाशीनंतर ते आपोआप घटत जातात. आपल्याकडे तर आधीच कमी असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. त्यामुळे ‘माझं वजन तर प्रमाणात आहे’ यावर विसंबू नका. कंबर मोजा: पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर असेल तर पोटात चरबी आहे.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, वीस-पंचवीस मिनिटं द्या. हात न टेकता खुर्चीवरून उठबस १०-१२ वेळा, भिंतीला हात टेकून जोर तेवढेच, पाठीवर झोपून कंबर वर उचलणं, टाचा उचलणं, आणि पुस्तकं भरलेली पाच किलोची सॅक वाकून छातीकडे ओढणं. असे तीन फेरे. शेवटचे दोन उठबस जड गेले पाहिजेत, सहज जमायला लागले की सॅक छातीशी धरून उठा. श्वास कोंडायचा नाही, उठताना सोडायचा. दोन दिवसांच्या वर सलग खंड पडू देऊ नका, कारण व्यायामाने वाढलेली इन्शुलिनची धार एक-दोन दिवसांत बोथट होते. हा व्यायाम सुरू करण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्याचा पडदा तपासून घ्या. पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या असतील तर जोर लावल्याने रक्तस्राव होऊ शकतो. आणि पहाटे हिरवळीवर अनवाणी चालण्याची हौस मधुमेह्याने सोडावी. पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, काटा रुतल्याचं दोन दिवसांनी पू झाल्यावर कळतं. बूट घाला, रात्री तळवे बघा.

हे सगळं सुरू करण्याआधी गोळ्यांची पाकिटं वाचा. तुम्ही फक्त मेटफॉर्मिन लिहिलंय, त्याने एकट्याने साखर सहसा फार खाली जात नाही. पण मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड, म्हणजे शरीराला जास्त इन्शुलिन सोडायला लावणारं औषध, एकाच गोळीत असणं फार सामान्य आहे. तसं असेल किंवा इन्शुलिन असेल, तर भाकरी निम्मी करण्याआधी डॉक्टरांकडून मात्रा कमी करून घ्या. नाहीतर घाम, थरथर, गोंधळ. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यातून लगेच, पेढा नाही (खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते), पंधरा मिनिटांनी परत मोजा. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेली गोळी चालू असेल तर कर्बोदकं एकदम तोडू नका आणि लांब उपवास करू नका. साखर फारशी न चढताही रक्तात आम्ल साठू शकतं. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं आली तर थेट रुग्णालय गाठायचं. गेल्या काही वर्षांत घरोघरी पोचलेली दिवसातून दोनदाच जेवायची पद्धतही याच औषधांवर अडते. मेटफॉर्मिनवाल्याला जमत असेल तर माझी हरकत नाही, फक्त दोन्ही जेवणं दुप्पट होऊ देऊ नका.

दीड वर्षच झालंय, ही जमेची बाजू आहे. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीत (निकाल २०१७) मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्यांना दिवसाला साधारण ८५० कॅलरींचं द्रव जेवण काही महिने दिलं. वर्षअखेर ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली आले, १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत तर ८६ टक्के. मात्र तिथे पहिल्याच दिवशी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या होत्या आणि पुढे देखरेख होती. ८५० कॅलरी घरी स्वतःच्या मनाने करू नका. तुमच्या कंबरेवर चरबी असेल तर वजनाच्या १० टक्क्यांचं लक्ष्य ठेवा.

एचबीए१सी आता तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, महिन्याभरात केलेल्या चाचणीत जुनी भाकरीच दिसेल. सोबत हिमोग्लोबिन आणि बी१२ करून घ्या. लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी खोटा जास्त दिसतो, आणि मेटफॉर्मिनने, त्यातून शाकाहारी असाल तर, बी१२ खाली जातं. तुमचं घराणं विदर्भातलं किंवा नंदुरबारकडचं असेल आणि नात्यात कोणाला सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर लॅबला आधी सांगा. त्यात लाल पेशी लवकर मरतात आणि एचबीए१सी खोटा कमी येतो. तेव्हा फ्रुक्टोसामाइन (दोन-तीन आठवड्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) करून घ्यायचं आणि जोडीने मोजलेल्या साखरेची वही डॉक्टरांसमोर ठेवायची.