जगभरातली तुमची सर्वात आवडती आणि सर्वात नावडती बिअर कोणती?

आवडती: चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झेनची पिल्सनर उर्केल, तीही बाटलीतली नाही, नळाची. नावडती: आपल्याकडची 7-8 टक्क्यांची स्ट्राँग, मग कंपनी कुठलीही असो. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की सप्टेंबरात ऑफिसच्या कामाने जर्मनीला जाताय आणि आजवर स्ट्राँगशिवाय दुसरं काही घेतलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी मूळचा पुण्याचा, काही वर्षांपासून न्यूरेंबर्गला असतो. पिणं बेताचं, पण ग्लासात आलंय ते कसं बनलं हे विचारायची खोड जुनी.

आधी स्ट्राँगचंच बोलू, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा श्रीगणेशा तिथेच झालाय. परमिट रूममध्ये बसलं की वेटरचा पहिला प्रश्न, "स्ट्राँग की माइल्ड?" कुठली, कधीची, गव्हाची की बार्लीची, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. आपल्या नियमांप्रमाणे 5 टक्क्यांपर्यंत माइल्ड, त्यापुढे 8 पर्यंत स्ट्राँग. बिअर मुळात महाग, त्यामुळे रुपयामागे किती चढते हा हिशेब गिऱ्हाईक करणारच. त्याला माझी हरकत नाही. माझं भांडण चवीशी आहे. अल्कोहोल वाढवायचं तर यीस्टला जास्त साखर खायला घालावी लागते. ती सगळी माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीतून आणणं परवडत नाही, म्हणून तांदूळ, मका, नाहीतर सरळ साखर. त्यात आंबवण्याची घाई झाली की नेहमीच्या अल्कोहोलबरोबर जड जातीची अल्कोहोलं तयार होतात. घोट घेतल्यावर नाकात जो स्पिरिटसारखा वास शिरतो आणि घशाला चटका बसतो, तो बराचसा त्यांचा.

आणि म्हणूनच ती "चिल्ड" लागते. गार पदार्थाची चव जिभेला कमीच कळते. तुमच्या नेहमीच्या स्ट्राँगचा पाव ग्लास बाजूला ठेवा, तासाभराने प्या, मग बोलू. पिल्सनरचा तसाच ठेवलेला ग्लास निवांत पिता येतो. फेस बसतो, पण चव उलट जरा मोकळी होते.

टक्केवारीचा मात्र काही गुन्हा नाही. बेल्जियममधल्या वेस्टमालच्या मठातले साधू 1934 पासून ट्रिपेल बनवतात. ती 9.5 टक्क्यांची आहे, तीतही साखर घालतात. पण ती सावकाश आंबते, बाटलीत भरल्यावर पुन्हा एकदा आंबते, आणि इतकी सोज्वळ लागते की दुसरी मागवून उठताना मग कळतं. तेव्हा जपून.

आता पिल्झेन. 1838 मध्ये या गावातली बिअर इतकी बिघडली होती की लोकांनी 36 पिंपं टाऊन हॉलसमोर आणून रस्त्यावर ओतली. मग बिअर बनवायचा हक्क असलेल्या नागरिकांनी वर्गणी काढून नवी ब्रुअरी बांधली आणि शेजारच्या बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला. 5 ऑक्टोबर 1842 ला त्याने पहिला घाणा लावला. थंड तळघरात संथ आंबवायची बव्हेरियाची पद्धत, इंग्रजांकडून उचललेलं, धूर न लागता वाळवलेलं फिकट माल्ट, जवळपासच्या भागातले साझ जातीचे हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं), आणि क्षार जवळजवळ नसलेलं पिल्झेनचं पाणी. यातून जी सोनेरी, आरपार दिसणारी बिअर निघाली तशी त्या काळी कोणी पाहिली नव्हती. आज जगात खपणारी बहुतेक बिअर, आपली किंगफिशर धरून, याच घराण्यातली.

ब्रुअरी बघायला गेलात की शेवटी जमिनीखालच्या बोगद्यांत नेतात. भिंती ओल्या, पायाखाली चिकट, आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्यापेक्षा उंच ओकची पिंपं. त्यातल्या एकाचा नळ सोडून समोर ग्लास भरून देतात: न गाळलेली, न पाश्चराइज केलेली. रंग जरासा गढूळ. आधी भाजक्या पावाचा वास, मग माल्टचा गोडवा, आणि गिळल्यावर कडूपणा. हा कडूपणा टोचत नाही, जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो आणि पुढचा घोट घ्यायला लावतो. अल्कोहोल किती? 4.4 टक्के. आपल्या वेटरच्या भाषेत माइल्ड.

फेसाबद्दल चेक लोकांचं आणि आपलं अजिबात पटायचं नाही. आपल्याकडे ग्लास तिरका धरून फेस येऊ न देणारा तो हुशार, कारण फेस म्हणजे पैसे वाया. तिकडे नळावरचा माणूस आधी फेस सोडतो आणि त्याच्या खालून बिअर भरतो. नेहमीच्या पद्धतीला ह्लादिंका म्हणतात, वर तीन बोटं दाट ओला फेस. तो झाकणाचं काम करतो, खालच्या बिअरला हवा लागू देत नाही. म्लीको नावाच्या प्रकारात तर जवळजवळ अख्खा ग्लास फेसाचाच, गोडसर, एका दमात पिऊन टाकायचा. पहिल्यांदा कोणी हा समोर ठेवला तर भांडू नका. टेबलावर कागदाची चिठ्ठी असते, ग्लासामागे एक रेघ मारतात, बिल त्यावरूनच.

दुसऱ्या नंबरला माझ्याकडे बांबेर्गची धुराची बिअर. न्यूरेंबर्गहून ट्रेनने तासाभराच्या आत. जुन्या काळी माल्ट विस्तवावरच वाळवायचे, त्यामुळे सगळ्याच बिअरला थोडाफार धूर असायचा. बिनधुराच्या भट्ट्या आल्यावर जगाने तो सोडला, बांबेर्गमध्ये श्लेंकेर्ला आणि श्पेत्सियाल या दोघांनी धरून ठेवला. श्लेंकेर्लामध्ये बीचच्या लाकडावर वाळवलेलं माल्ट वापरतात. काळपट तांबूस बिअर येते आणि नाकाशी नेल्यावर थेट वांग्याच्या भरिताचा वास. जर्मनांना यात डुकराच्या खारवलेल्या मांसाचा वास येतो. माझ्या एका शाकाहारी मित्राने तर "यात मांस नाही ना?" म्हणून दोनदा विचारून घेतलं. नाही, फक्त धूर. पहिला ग्लास बहुतेकांना झेपत नाही, दुसऱ्याला जीभ सरावते. मला पहिल्याच घोटाला आवडली, पण माझं बालपण चुलीजवळ गेलंय.

गिनेस या आयरिश काळ्या बिअरबद्दल आपल्याकडे फार गैरसमज. काळी म्हणजे कडक, असं धरून चालतात. डब्लिनची नळाची गिनेस 4.2 टक्क्यांची, म्हणजे आपल्या स्ट्राँगच्या जवळपास निम्मी. काळेपणा येतो तो करपेपर्यंत भाजलेल्या बार्लीमुळे, आणि मलईसारखा पोत येतो नायट्रोजनमुळे. मला ती ठीकठाक वाटते, थोडी पाणचट. मी जिच्यामागे लागतो ती नायजेरियाची गिनेस. 1962 मध्ये लागोसजवळ इकेजाला त्यांची ब्रुअरी सुरू झाली. पुढे 1988 मध्ये सरकारने बार्ली-माल्टच्या आयातीवर बंदी घातली आणि तिथल्या ब्रुअऱ्यांना स्थानिक धान्याकडे वळावं लागलं. ते धान्य म्हणजे ज्वारी! बंदी गेली, ज्वारी राहिली. फॉरेन एक्स्ट्रा स्टाउट, 7.5 टक्के, गोड, कडू, दाट. युरोपातल्या आफ्रिकन किराणा दुकानांत बाटली मिळते. सोलापूरच्या माणसाने एकदा तरी चाखावी, आणि मग मला सांगावं की ज्वारीचं एवढं पीक असून हे आपल्याला का सुचलं नाही.

आता नावडत्यांच्या यादीतले बाकीचे. पारदर्शक आणि हिरव्या बाटल्यांशी माझं वाकडं आहे. हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडात फुटतात आणि त्यातून गंधकाचं एक संयुग बनतं. त्याचा कणभर अंश नाकाला पुरतो. तपकिरी काच हा उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी थोडाच, पारदर्शक जवळजवळ नाहीच. विश्वास नसेल तर तपकिरी बाटलीतली एकच बिअर दोन काचेच्या ग्लासांत ओता, एक उन्हात खिडकीत ठेवा, दुसरा कपाटात. पंधरा मिनिटांनी दोन्ही हुंगा. खिडकीतल्याला कुबट, जळक्या रबरासारखा वास येईल. मजा म्हणजे हा वास म्हणजेच "इम्पोर्टेड" चव असं मानणारेही भेटतात. काही कंपन्या उजेडात न बिघडणारा हॉप्सचा अर्क वापरतात, पण मग कडूपणात तो जिवंतपणा राहत नाही. बाटलीच्या तोंडात लिंबाची फोड खोचली की बरंच झाकलं जातं, एवढंच.

अमेरिकन बडवायझर मला नावडत नाही, ती लक्षातच राहत नाही. माल्टबरोबर तांदूळ, त्यामुळे चवीला हलकी. 1876 पासून ती अमेरिकेत बनते. ज्या गावाच्या नावावरून ती बडवायझर, त्या चेक गावातली बुडवार ब्रुअरी 1895 ची, आणि नावावरून दोघांच्या कोर्टकचेऱ्या अनेक देशांत चालल्या. जर्मनीत बडवायझर मागितलीत तर चेक बुडवारच पुढ्यात येईल. ती नव्वद दिवस थंडीत मुरवतात. तीच प्या.

ब्रसेल्सच्या कांतियों ब्रुअरीची ग्यूझ नावाची आंबट बिअर कुठल्या यादीत घालावी हे माझं ठरत नाही. शिजवलेला रस माळ्यावरच्या उथळ तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात, हवेतून जे पडेल त्याने आंबवतात आणि मग एक ते तीन वर्षांची पिंपं एकमेकांत मिसळतात. हे बघायला मी परत जाईन, प्यायला अर्धा ग्लास पुरे.

तुम्ही जर्मनीत नक्की कुठे जाणार ते लिहिलं नाहीत. बव्हेरियात असाल तर गव्हाच्या बिअरने सुरुवात करा. तिच्यातला केळं आणि लवंगेचा वास कोणी घातलेला नसतो, यीस्टच तो बनवते, आणि कडूपणा कमी असल्याने नवख्याला सोपी जाते. कोलोनला गेलात तर तिथली बिअर क्योल्श 200 मिलिलिटरच्या बारीक ग्लासात येते आणि न मागता येतच राहते. नको असेल तेव्हा ग्लासाखालचा पुठ्ठा उचलून ग्लासावर ठेवायचा. तोंडाने "नको" म्हणून वेटर ऐकेलच असं नाही.

पिल्झेनला जायचं ठरवलंत तर भाड्याच्या गाडीचा विचार सोडा, चेकमध्ये चालकाच्या रक्तात अल्कोहोल शून्य लागतं. म्युनिकहून प्रागला जाणारी ट्रेन पिल्झेनला थांबते. तळघराच्या फेरीचं बुकिंग आधी करा आणि बरोबर जाडसं जॅकेट न्या, आत उन्हाळ्यातही हुडहुडी भरते.